चाळीस जीबीत बसवलेली लग्नं

एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, घेताना तो आधी हातात तोलून बघावा, हे मला कुठल्या कॉम्प्युटरवाल्यानं नाही, वडिलांनी शिकवलं. वडील कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात टर्नर होते. आयुष्यभर लेथसमोर उभे राहिले, कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावला नाही. २००२ च्या मार्चमध्ये मी मुंबईहून आणलेले खोके घरात फोडत बसलो होतो, तेव्हा ते कामावरून आले, हातपाय धुऊन शेजारी बसले आणि एकेक वस्तू उचलून बघायला लागले. मदरबोर्ड बघितला, हार्ड डिस्क बघितली, काही बोलले नाहीत. कॅबिनेटसोबत आलेला पॉवर सप्लाय मात्र दोन्ही हातांनी अजमावला आणि म्हणाले, "ह्याच्यात तांबं कुठाय रं? चारशे वॅटचं लेबल लावलंय आणि वजन रिकाम्या डब्याचं." मी ते कानाआड केलं. त्याचं काय झालं ते पुढं येईलच.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करण्यासाठी मी स्वतः बसवलेला तो पहिला कॉम्प्युटर. आमच्या भागातल्या बऱ्याच जणांनी त्या चार-पाच वर्षांत असेच कॉम्प्युटर बसवले. कुणी गडहिंग्लजला, कुणी इचलकरंजीत, कुणी जयसिंगपुरात, दुकानाच्या मागच्या खोलीत किंवा घराच्या माळ्यावर. या कामाचा इतिहास कुणी लिहिलेला मी वाचलेला नाही. चित्रपटाचा लिहितात, दूरदर्शनचा लिहितात. पण या मुलखातल्या हजारो घरांत जी हलती चित्रं आहेत, ती या मागच्या खोल्यांतून बाहेर पडली आहेत, म्हणून मला माहीत आहे तेवढं लिहून ठेवतो.

कोल्हापुरात यंत्र विकत घेणं परवडत नसेल तर जुळवायचं, ही रीत जुनी आहे. बाबुराव पेंटर आणि आनंदराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगवणारे नात्यातले भाऊ. सिनेमानं दोघांना झपाटलं, पण परदेशी कॅमेरा घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा त्यांनी कॅमेरा स्वतःच घडवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले, काम अर्धवट राहिलं. बाबुरावांनी दामले या सहकाऱ्याला हाताशी धरून ते १९१८ च्या सुमारास पुरं केलं आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आली. हेच दामले पुढं १९२९ मध्ये कोल्हापुरात 'प्रभात' ही चित्रपट कंपनी उभी करणाऱ्यांपैकी एक. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली, पण सुटे भाग जमवून यंत्र उभं करणारी माणसं गावात राहिली. त्यांच्यातलीच पुढची पिढी उद्यमनगरात ऑइल इंजिनाचे भाग कातत होती. वडील त्यातले. म्हणून घरात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मदरबोर्ड बसवताना मी काही जगावेगळं करतोय असं कुणालाच वाटलं नाही. आईनं फक्त विचारलं, गॅरंटी आहे का.

मी या धंद्यात १९९२ ला आलो, सतराव्या वर्षी, हॅलोजन धरायला. लाइटमनला त्या वेळी लग्नामागं चाळीस रुपये आणि जेवण. हजार वॅटचा दिवा हातभर अंतरावर धरून उभं राहायचं, अंतरपाट धरला की नवरीच्या चेहऱ्यावर, अक्षता पडल्या की पाहुण्यांवर. खांद्यावर कॅमेरा पॅनासॉनिकचा, एम-३००० किंवा ज्याची ऐपत असेल त्याच्याकडं एम-९०००. त्यात सरळ व्हीएचएस कॅसेट बसायची. शूटिंग झालं की कॅसेट 'मिक्सिंग'ला जायची. आमच्याकडं एडिटिंग हा शब्द नव्हताच. पार्टी, म्हणजे लग्नघरचे लोक, विचारायची ती "मिक्सिंग झालं काय?" एवढंच.

मिक्सिंग म्हणजे दोन व्हीसीआर, मध्ये मिक्सर, आणि समोर दोन टीव्ही. एका व्हीसीआरवर मूळ कॅसेट चालवायची, दुसऱ्यावर नवीन भरायची. नको तो भाग आला की भरणारा व्हीसीआर पॉजवर, हवा तो भाग आला की बोट सोडायचं. बोटाचा अंदाज अर्ध्या सेकंदानं चुकला तर मंगळसूत्राचा क्षण निम्मा जायचा, मग मागं जाऊन सगळं परत. पॅनासॉनिकचा एमएक्स-१२ मिक्सर ज्याच्याकडं, त्याच्याकडं जिल्ह्यातलं काम. एका चित्रातून दुसरं चित्र पडदा सरकावा तसं काढायचं हे त्याचं कसब. मराठी अक्षरं त्यात निघत नसत, म्हणून सुरुवातीला लग्नपत्रिकेवरून कॅमेरा हळूच फिरवायचा, किंवा पेंटरकडून काळ्या कार्डावर 'शुभविवाह' लिहून घेऊन त्याचंच शूटिंग करायचं.

या पद्धतीचा मोठा दोष असा की प्रत्येक उतरवणीला चित्र मरायचं. मूळ कॅसेटवरून मिक्सिंगची, तिच्यावरून पार्टीच्या तीन प्रती. तिसऱ्या प्रतीत नवरीच्या शालूचा लाल रंग कडेनं गळायला लागायचा. आणि एकदा मिक्सिंग झालेल्या कॅसेटमध्ये मधला एक शॉट काढायचा म्हटलं, तर तिथपासून शेवटपर्यंत सगळं नव्यानं. नवऱ्याच्या मामाचा आहेर राहिला म्हणून मालकाला तीन तासांची कॅसेट रात्रीत दुसऱ्यांदा मिक्स करताना मी बघितलंय.

जगात तोवर याच्यावर उपाय निघाला होता. अॅव्हिडची कॉम्प्युटरवर एडिटिंग करणारी यंत्रणा १९८९ मध्ये आली होती, अॅपलच्या मॅकिंटॉशवर चालणारी. १९९० मध्ये अमिगा कॉम्प्युटरसाठी 'व्हिडिओ टोस्टर' नावाचं कार्ड निघालं, अडीच हजार डॉलरच्या आतलं. अमेरिकेतल्या लहान स्टुडिओंना त्यानं हात दिला, पण ते अमेरिकेच्या एनटीएससी या टीव्ही-पद्धतीचं होतं आणि आपल्याकडं पाल, म्हणून आपल्याला ते निरुपयोगी. अॅडॉबीचा 'प्रीमियर' १९९१ चा, तोही आधी मॅकसाठी. यांतलं काही आमच्यापर्यंत पोचलं नाही. आमच्यापर्यंत पहिल्यांदा पोचलं ते मिरो डीसी-३० कार्ड, जर्मन कंपनीचं, जिचा व्हिडिओचा धंदा १९९७ मध्ये पिनॅकलनं विकत घेतला. सांगलीच्या एका स्टुडिओत ते बसवलंय असं कळलं तेव्हा आम्ही चौघं मोटारसायकलवरून फक्त बघायला गेलो होतो. पडद्यावर लग्नाचे तुकडे पत्त्यांसारखे मांडलेले होते. ऑपरेटरनं मधला एक तुकडा उचलला, बाजूला ठेवला, आणि पुढचे सगळे सरकून जागेवर आले. येताना आम्ही कुणी फारसं बोललो नाही. प्रत्येकाच्या डोक्यात एकच हिशोब चालू होता.

तो हिशोब जमेना. २००० च्या आसपास पिनॅकलचं डीव्ही-५०० आणि मॅट्रॉक्सचं आरटी-२००० अशी कार्डं आली. त्यांच्यावर इफेक्ट टाकला की थांबावं न लागता लगेच दिसायचा. मला सांगितलेली किंमत नुसत्या कार्डाला चाळीस हजारांच्या घरात, आणि त्याला साजेसा कॉम्प्युटर वेगळा. माझी वर्षाची कमाई तेवढी नव्हती.

मार्ग निघाला तो डीव्हीमुळं. १९९५ मध्ये हा फॉरमॅट आला. मिनिडीव्ही टेपवर चित्र मुळातच आकड्यांत नोंदलेलं असतं. म्हणजे ते कॉम्प्युटरमध्ये घ्यायला महागडं रूपांतर करणारं कार्ड नको, फक्त फायरवायरची वायर आणि सतराशे-अठराशे रुपयांचं साधं कार्ड पुरतं. २००१ च्या प्रीमियर ६ मध्ये अशा साध्या कार्डाची सोय आतच आली. इफेक्ट लगेच दिसणार नाही, रेंडरला लावून वाट बघावी लागेल, एवढाच फरक. चाळीस हजार नव्हते, वाट बघायला वेळ मात्र होता. आमच्या धंद्यात कॉम्प्युटर आला तो या एका अदलाबदलीवर.

दुसरं कारण सरकारी कागदावरचं आहे आणि ते मला फार नंतर कळलं. १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला. कॉम्प्युटर आणि त्याच्या सुट्या भागांवरचं आयात शुल्क त्यानुसार टप्प्याटप्प्यानं उतरत २००५ पर्यंत शून्यावर आलं. आम्ही फक्त एवढं बघत होतो की सहा महिने थांबलं की हार्ड डिस्क स्वस्त होते. लग्नसराई संपली की थांबायचं, तुळशीचं लग्न लागायच्या आत घ्यायचं, असं गणित बसलं होतं. माझंच ते चुकलं आणि मार्च उजाडला.

पैसे असे जमले: भिशी लागली पंचवीस हजारांची, जुने दोन व्हीसीआर विकून नऊ हजार, आणि अकरा हजार वडिलांनी पतसंस्थेतून काढून दिले. पंचेचाळीस हजार. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघालो, सकाळी दादरला उतरून लोकलनं ग्रँट रोड. स्टेशनातून बाहेर पडून चालत लॅमिंग्टन रोड. मुंबईचे एके काळचे गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन, त्यांच्या नावाचा हा रस्ता. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण ते नाव सांगून टॅक्सी मिळत नाही. एका बाजूला नाझ सिनेमाची इमारत, जिथं चित्रपट वितरकांची कार्यालयं. थोडं पुढं मिनर्व्हा, जिथं 'शोले' पाच वर्षं चालला. आणि त्यांच्या मधोमध रेडिओच्या व्हॉल्व्हपासून प्रोसेसरपर्यंत सगळं विकणारी हातभर रुंदीची दुकानं. सिनेमा विकणारा रस्ता आणि सुटे भाग विकणारा रस्ता एकच, हे मला त्या दिवशी शुभशकुनासारखं वाटलं होतं.

मी यादी पाठ करून गेलो होतो, पण यादीपेक्षा तिच्यामागचा विचार महत्त्वाचा होता आणि तो आम्ही एकमेकांच्या चुकांतून शिकलो होतो. नवखा माणूस सगळे पैसे प्रोसेसरवर घालतो. एडिटिंगचा कॉम्प्युटर अडतो तो टेपपासून डिस्कपर्यंतच्या वाटेवर. डीव्ही दर सेकंदाला ३.६ मेगाबाइट या गतीनं येतं. ही गती फार नाही, पण ती थांबत नाही. टेप फिरतेय तोवर धार चालू, आणि डिस्क क्षणभर दुसऱ्या कामात गुंतली की तेवढ्या फ्रेम सांडल्या. म्हणून दोन डिस्क हव्यातच: एक लहान, विंडोज आणि प्रीमियरसाठी, दुसरी ७२०० आरपीएमची, फक्त फुटेजसाठी, दोन्हींची केबल वेगळी. बोर्ड इंटेल चिपसेटचाच. एएमडीचा अॅथलॉन त्या वेळी स्वस्त होता आणि चपळही, पण त्याच्यासोबत येणाऱ्या व्हाया चिपसेटची २००१ मधली कीर्ती आमच्यापर्यंत आली होती: पीसीआय कार्डाकडून माहितीचा लोंढा सुरू झाला की डिस्कवर जाणारी माहिती बिघडायची. खेळ खेळणाऱ्याला ते चाललं असेल, आम्हाला नाही. लग्न दुसऱ्यांदा लागत नाही.

पेंटियम फोर, १.६ गिगाहर्ट्झ, ८,२०० रुपये. इंटेल ८४५ चा बोर्ड ५,९००. रॅम २५६ एमबी. वीस जीबीची डिस्क ३,९०० ला आणि चाळीस जीबीची ५,४०० ला. सीडी रायटर, कारण पार्टीला आता कॅसेटऐवजी व्हीसीडी हवी होती. मॉनिटर पंधरा इंची, सतराचा मोह आवरला. फ्लॉपी ड्राइव्ह घेतलाच नाही. यूपीएस घेतला. शेवटी कॅबिनेटला चौदाशे उरले होते, त्यात पॉवर सप्लायसकट जो मिळाला तो घेतला. एकूण ४४,४५० रुपये. ती वही अजून माझ्याकडं आहे, पावत्यांसकट. सॉफ्टवेअरची पावती तिच्यात नाही. त्या काळात प्रीमियर विकत घेतलेला एकही माणूस आमच्या वर्तुळात नव्हता. सगळ्यांकडं कुणीतरी दिलेली सीडी होती, आणि हा इतिहास लिहायचा तर हेही लिहायलाच हवं.

मशीन पहिल्या दमात चालू झालं. घरात पेढे वाटले. आणि पहिल्याच लग्नाच्या कॅप्चरला फ्रेम ड्रॉप व्हायला लागल्या.

दहा मिनिटं नीट जायची, मग खाली आकडा दिसायचा: तीन फ्रेम, अकरा, चाळीस. पंचवीस फ्रेमचा एक सेकंद. सप्तपदीत नवरीचा पाय उचललेला दिसायचा आणि एकदम टेकलेला. मी विंडोज तीनदा नव्यानं टाकलं. स्क्रीनसेव्हर बंद, अँटिव्हायरस काढला, साउंड बंद केला, कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये घातलं. पंधरा दिवस गेले, पार्टीचे फोन सुरू झाले. शेवटी इचलकरंजीचा एक मित्र आला. डिव्हाइस मॅनेजर उघडून त्यानं डिस्कच्या चॅनेलवर बघितलं, तिथं डीएमएच्या जागी पीआयओ लिहिलेलं. डीएमए म्हणजे डिस्क आपला माल स्वतः मेमरीत पोचवते, प्रोसेसरला मध्ये पडावं लागत नाही. पीआयओ म्हणजे प्रत्येक पाटी प्रोसेसरनं स्वतः उचलायची. मित्र म्हणाला, "विंडोज उगाच खाली उतरत नाही. माल तुटका पोचतोय म्हणून त्यानं गती कमी केलीय. केबल बघ." कॅबिनेटची पत्र्याची बाजू काढली. चाळीस जीबीच्या डिस्कची चपटी केबल मी दुमडून पत्र्याखाली दाबली होती, तिच्या घडीवर पांढरी रेघ उमटली होती. साठ रुपयांची नवी केबल घातली, चॅनेल काढून पुन्हा घेतला, डीएमए परत आलं. त्या रात्री पूर्ण तासाची टेप घेतली. ड्रॉप्ड फ्रेम शून्य. मी तो शून्य बराच वेळ बघत बसलो होतो.

असलं ज्ञान पुस्तकात नव्हतं. ते टेपसोबत फिरायचं. ज्याच्याकडं टेप एडिटिंगला जायची त्यानं कॅमेराही सोबत मागवायचा, कारण टेप वाजवायला वेगळा डेक कुणाकडंच नव्हता. कॅमेरा घेऊन आलेला माणूस दोन तास बसायचा आणि बसल्याबसल्या गडहिंग्लजच्या मशीनचा आजार जयसिंगपूरला सांगायचा. अजून विंडोज ९८ वर असलेल्यांची एक तक्रार ठरलेली: कॅप्चर एकोणीस मिनिटांवर आपोआप बंद पडतं, मंगलाष्टका अर्ध्यात तुटतात. कारण त्यातल्या फॅट-३२ मध्ये एक फाइल चार जीबीच्या पुढं जात नाही, आणि चार जीबी म्हणजे डीव्हीची एकोणीस मिनिटं. विंडोज २००० टाका, डिस्क एनटीएफएस करा, हे मी किमान दहा जणांना सांगितलं असेल.

दिवसभर कट मारायचे, रात्री रेंडरला लावून झोपायचं. व्हीसीडीसाठी एमपेग करायला तासाभराच्या व्हिडिओला निम्मी रात्र लागायची. सकाळी उठून तोंड धुण्याआधी मी मॉनिटर चालू करून बघायचो, पट्टी शंभरला पोचली की मध्येच मशीन हँग झालंय. मराठी टायटल आता पेंटरशिवाय होत होतं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीतली अक्षरं 'चि. सौ. कां.' अशी सोनेरी कडेनं फिरत यायची. आयाबायांना तेच सगळ्यांत आवडायचं. कॉम्प्युटरनं आपलं नाव लिहिलं.

चाळीस जीबीचं सांगायचं राहिलं, आणि खरं सांगायचं होतं ते हेच.

डीव्हीचा एक तास म्हणजे तेरा जीबी. चाळीसची डिस्क विंडोजमध्ये सदतीसची दिसते. रेंडरला जागा मोकळी ठेवली की अडीच तासांहून जास्त फुटेज बसत नाही. लग्नाच्या टेपा मात्र पाच: आदल्या दिवशीची हळद, देवक, सीमांतपूजन, मग लग्न, जेवणावळ, वरात. तेव्हा निवड एडिटिंगच्या आधीच व्हायची, कॅप्चर करतानाच. टेप पुढं पळवायची, हवं ते घ्यायचं, उरलेलं टेपवरच. आणि टेप? मिनिडीव्ही टेप पावणेदोनशेला. पाच टेपा जपून ठेवायच्या तर लग्नामागं आठ-नऊशे रुपये गेले, आणि आम्हाला सुटायचे दोन-अडीच हजार. म्हणून पार्टीनं व्हीसीडी बघून 'चालतंय' म्हटलं की टेप पुन्हा कॅमेऱ्यात. एका टेपवर तीन लग्नं, कधी चार. त्यानंतर चित्रात चौकोन दिसायला लागले की टेप बाद. डिस्कही तशीच, पुढचं लग्न आलं की मागचं पुसायचं.

बेताच्या पैशांत मशीन बसवायचं म्हणजे कात्री कुठंतरी लावावी लागते. प्रोसेसरला लावली तर रात्र वाढते, मॉनिटरला लावली तर डोळे दुखतात. आम्ही ती जपणुकीला लावली. त्या वेळी ती कात्री कुणाला दिसलीच नाही, कारण जे गेलं ते गेल्याचं कळायला वीस वर्षं लागणार होती.

एसएमपीएसचं आता सांगतो. २००५ ला वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण झालं, त्याच सुमारास भारनियमन जोरात सुरू झालं. वीज जायची-यायची, यूपीएस ओरडायचा. मे महिन्यात एका रात्री रेंडर चालू असताना वीज आली ती झटक्यानं. खोलीत जळका वास सुटला. उघडून बघितलं तर पॉवर सप्लायच्या आत बोटभर उंचीचा एकच कपॅसिटर, तो फुगून फुटलेला, आणि जिथं जाड अॅल्युमिनियमची पट्टी असायला हवी तिथं पत्र्याचं एक पान. जाताना तो चाळीस जीबीची डिस्कही घेऊन गेला, तिच्यावर एका लग्नाचं पूर्ण काम होतं. सुदैवानं त्या टेपा अजून पुसल्या नव्हत्या. वडिलांनी काही सुनावलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत दुकानात आले, पाच पॉवर सप्लाय हातात घेऊन बघितले आणि त्यांतला सर्वांत जड काउंटरवर ठेवला. तो एक हजार नऊशेचा होता. तो मी पुढच्या तीन मशीनमध्ये वापरला.

नंतरचा काळ भराभर गेला. २००६ ला कोअर टू ड्युओ आला आणि एडियस या एडिटिंगच्या प्रोग्रॅमवर डीव्हीचे इफेक्ट कार्डाशिवाय लगेच दिसायला लागले; चाळीस हजारांच्या कार्डांची गरज एका प्रोसेसरनं संपवली. मग एचडी आलं, टेप गेली, मेमरी कार्ड आलं, २००८ च्या फाइव्ह-डी मार्क टू कॅमेऱ्यानंतर लग्नात फोटोचा कॅमेराच व्हिडिओ काढायला लागला. २०१० मधल्या प्रीमियर सीएस-५ ला ग्राफिक कार्डाची मदत घेता यायची, पण कंपनीनं मान्य केलेली कार्डं महागडी. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की मान्य कार्डांची नावं प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आहेत. नोटपॅडनं ती उघडायची, खाली आपल्या एनव्हिडियाच्या स्वस्त कार्डाचं नाव अचूक लिहायचं, सेव्ह करायचं. चाललं. आठ हजारांच्या कार्डावर ते काम मी स्वतः केलंय.

आताची मुलं मला विचारायला येतात, पन्नास-साठ हजारांत मशीन बसवायचंय, काय घेऊ. आठ कोअर, सोळा कोअर, अमकं कार्ड, तमकं कार्ड. त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. मी फक्त विचारतो, दोन मोठ्या डिस्क धरल्यास का हिशोबात, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरात ठेवणार का. आणि पॉवर सप्लाय हातात घेऊन बघितलास का.

गेल्या दिवाळीत कागलकडच्या एका गावातून एक बाई आल्या. सोबत कॉलेजात जाणारी मुलगी. पिशवीतून त्यांनी व्हीसीडी काढली, २००३ ची, कव्हरवर माझ्याच दुकानाचं नाव. म्हणाल्या, "दादा, ह्याच्यात माझी आज्जी न्हाई. हळद दळताना जात्यावर तिनं ओव्या म्हटल्या हुत्या, तासभर. तुमचा पोरगा शूटिंग करत हुता, मी बघितलंय. आता त्या ओव्या कुणालाच येत न्हाईत. ती मूळ कॅसेट असंल न्हवं तुमच्याकडं?"

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि टेपचं सगळं खरं सांगितलं. पुढच्याच आठवड्यात तिच्यावर दुसरं लग्न चढलं असणार, तिसरं, चौथं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, निदान ही तरी लावून बघूया, आमच्याकडं आता ही लागत न्हाई.

जुना सीडी ड्राइव्ह जोडून लावली. हळदीचा भाग माझ्या हिशोबी सव्वादोन मिनिटांचा निघाला, वर त्या वर्षीचं सिनेमातलं गाणं. मूळ आवाज मी कापला होता. लोकांना गाणं आवडायचं आणि जात्याची घरघर नको असायची. तो ट्रॅक कुठंच उरला नाही. करवल्या हसतायत, कुणीतरी नवरीच्या गालाला हळद लावतंय, आणि त्यांच्या मागं, कोपऱ्यात, जात्यापाशी हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी. सहा सेकंद. तिचा हात गोल फिरतोय आणि ओठ हलतायत.

बाईंनी मला ते परत लावायला सांगितलं. मी लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी गाण्याचा आवाज बंद करायला सांगितला, खुर्ची पुढं ओढली, आणि म्हातारीच्या ओठांकडं बघत, अडखळत, शब्द जुळवायला लागल्या.